छतावरची पांढरी माती

पुंडलिकनगर,
१७ फेब्रुवारी २०२५

सर्जा,

पाकीट बघून घाबरू नकोस. घरी सगळे धडधाकट आहेत. आबांची साखर जरा वरखाली होते, मायचे गुडघे कुरकुरतात आणि माझा खांदा थंडीचे दिवस सोडले तर गप्प असतो. वाईट बातमी असती तर मी तुझ्या बायकोला, राजनंदिनीला फोन केला असता. तुला करून उपयोग नाही, माझा नंबर दिसला की तू फोन कापतोस. पत्र तसं कापता येत नाही, म्हणून पोस्टात जाऊन पाकीट आणलं. खिडकीवरच्या मुलीनं विचारलं, कोर्टाचं आहे का? म्हटलं, भावाला लिहायचंय. ती म्हणाली, म्हणजे तेच.

बातमी आपल्या डब्याची आहे. या उन्हाळ्यात त्याचं छत उतरवून नवीन घालणार.

छोटी लाईन बंद झाली तेव्हा रेल्वेतले लाकडी डबे भंगारात निघाले. त्यातला एक शाळेनं घ्यावा म्हणून आबांनी अध्यक्षांच्या घरी किती चकरा मारल्या ते तुला आठवत असेल. तेव्हा तू त्यांचं बोट धरून जायचास आणि तिथं मिळणाऱ्या बिस्किटांवर तुझं जास्त लक्ष असायचं. निजामाच्या काळातला सागवानी डबा, आबांनी स्वतः डेपोत सुतारकाम करून जपलेला. पुढं त्यात माझं मुलांचं वाचनालय झालं. आणि आता सहा वर्षं तो कुलूप लावून, डोक्यावर पत्रा घेऊन मैदानात उभा आहे. माझी पुस्तकं प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात, बेडकांच्या बरण्यांशेजारी.

चारुता नावाची एक मुलगी आहे, जुन्या इमारतींची कामं करते. तिनं अध्यक्षांना पटवलंय की पत्रा काढून डब्याला पहिल्यासारखं कापडी छत घालायचं. अध्यक्ष हो म्हणाले, पण एक अट घातली. उघडल्यावर खालच्या फळ्या कुजलेल्या निघाल्या तर डबा भंगारवाल्याला द्यायचा. त्यांना तिथं दुचाकी लावायला जागा हवीच आहे.

तुला हे सगळं कशाला लिहितेय ते तुला कळलंय. पत्र्याखालचं ते कापडी छत तू घातलं होतंस. आबांनी शिकवलं तसंच, फळ्यांवर सफेदा आणि जवसाच्या तेलाचा लेप देऊन, त्यावर अख्खं कापड ताणून. मग चार वर्षांनी एका श्रावणात आतली फळी सुटून माझ्या खांद्यावर आली, हाड मोडलं, आणि आबा सगळ्या शिक्षकांसमोर तुला म्हणाले, "तुझ्याकडं हात नाय." हाड माझं मोडलं आणि घर तू सोडलंस. दोन सदरे आणि हत्यारांची पेटी घेऊन थेट समुद्राकाठी. मराठवाड्यातला माणूस देवगडात होड्या बांधतो, हे मी शाळेत सांगते तेव्हा मुलांना खोटं वाटतं.

छत उघडलं की नक्की काय बिघडलं ते दिसेल. मला ते बघायचंय आणि भीतीही वाटतेय, दोन्ही खरं आहे. तू बरोबर होतास की आबा, एवढं एकदाचं कळू दे. तोपर्यंत मला एवढंच सांग, कापडावर तेलरंगाचे हात किती दिले होतेस? चारुता विचारत होती.

आबांना या पत्राचा पत्ता नाही.

आक्का


१२ मार्च २०२५

सर्जा,

उत्तर नाही, पण बातमी मिळाली. राजनंदिनी म्हणाली की पत्र तू जेवायच्या आधी वाचलंस, जेवल्यावर वाचलंस आणि मग हत्यारांच्या पेटीत ठेवलंस. म्हणजे किमतीच्या वस्तूंत गणलंस. आणखी तिनं एवढंच सांगितलं की तू भिंतीकडं बघून "चार" म्हणालास. मी चारुताला चार सांगितलं. आता ते चार म्हणजे तू जेवणातल्या चपात्यांचा आकडा सांगितला असशील तर तुझं तू बघ.

इकडं आबांनी वेगळंच काढलंय. छत उघडायचं नाही म्हणतात. मागच्या रविवारी चारुता घरी आली होती. तिनं कागदावर डब्याचा आडवा छेद काढून दाखवला. आबा एरवी असल्या चित्रावर तुटून पडतात, कुठला जोड चुकला ते दाखवल्याशिवाय चहा पीत नाहीत. पण या वेळी त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. म्हणाले, पत्रा चांगला हाय, असू द्या. पोरी, तू अजून लहान हाईस, झाकलेलं उघडू नये.

माय आतून म्हणाली, "तनूचं डोस्कं फुटता फुटता राह्यलं तवा झाकायचं सुचलं नाय तुमाला." त्यावर आबा चप्पल घालून निघून गेले ते दिवेलागणीला परत आले.

मला वाटतं, ते तुलाच झाकतायत. एकदा बोलून गेले ते गेले, आता त्या उघड्या छतावर उभं राहून दहा लोकांनी पुन्हा तुझी चूक मोजावी, हे त्यांना नकोय. मी म्हटलं तसं त्यांना. ते रागावले नाहीत. हल्ली पोस्टमन गल्लीत दिसला की ते फाटकाशी जाऊन उभे राहतात आणि मला विचारतात, विजेचं बिल आलं का. विजेचं बिल फोनवर येतं हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. म्हणजे माझ्या पत्राचा पत्ता त्यांना आता आहे. मीच टेबलावर तुझा पत्ता लिहिलेलं पाकीट ठेवून अंघोळीला गेले होते. मुद्दाम ठेवलं होतं का, तर हो.

पत्रा एप्रिलच्या परीक्षा संपल्यावर निघेल. आबा नको म्हणाले तरी निघेल.

आक्का


२४ एप्रिल २०२५

सर्जा,

आधी बस. होडीवर असशील तर खाली उतर आणि मग वाच.

तुझं छत चांगलं होतं.

आता सावकाश सांगते. काल सकाळी पत्रा काढायला माणसं लागली. पहिला पत्रा निघाला तसं वरून मातीचं ढेकूळ खाली आलं, मागोमाग वाळलेलं गवत. चारुता शिडीवर होती, तिनं मला हाक मारली. मी वर गेले. डब्याच्या पाठीवर मधोमध, इकडच्या टोकापासून तिकडच्या टोकापर्यंत, माती पसरलेली. भुसा कालवून, हातानं थापून, नीट काठ बांधून. पांढरी माती, सर्जा. आपल्या गावची.

चारुता पुण्याची. तिला कळेना की रेल्वेच्या डब्यावर माती कुठून आली. म्हणाली, वाऱ्यानं इतकी येईल? खाली पत्रे उचलणारी माणसं हसायला लागली. त्यातला फकिरा म्हणाला, "म्याडम, ही वाऱ्याची नाय, कुणीतरी धाबं केलंय." सहा वर्षांपूर्वी पत्रा ठोकणाऱ्यांनी ही माती पाहिली असणारच. पण छतावर माती असण्यात त्यांना नवल कसलं? त्यांचीही घरं धाब्याची, मातीच्या छताचीच. त्यांनी तिच्यावर पत्रा टाकला आणि गेले.

मी खाली बघितलं. आबा निंबाखाली उभे होते. येणार नाही म्हणाले होते, तरी आले होते. मला काही विचारावं लागलं नाही, मी खाली उतरताच त्यांनीच सांगितलं.

तू छत घातलंस त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट आहे. त्यांनी फर्दापूरच्या पुढं गावी जाऊन गोणीत भरून माती आणली, शाळेला सुट्टी असताना एकटेच वर चढले आणि डब्यावर थापली. दरवर्षी मिरगाच्या आधी घरावर थापायचो तशी. का, तर कापडाचा भरवसा वाटेना. मी म्हटलं, आबा, तुम्ही जन्मभर रेल्वेचे कापडी डबे केले ना? तर म्हणाले, "ते सरकारचे व्हते. ह्यात तू बसायची."

मला राग यायला हवा होता. आलाही, आणि तो मी पदरावरची माती झटकण्यात काढला.

त्यांना अजूनही वाटत होतं की मातीनंच डबा तगवला. घरावर माती कधी गळली नाही, मग इथं कशी गळेल? कापड सडलं ते पोराचा लेप कच्चा होता म्हणून. मातीचं कुणाला सांगितलं नाही, कारण बापानं पोराच्या कामावर माती टाकली म्हटलं तर पोराची शोभा होईल. सहा वर्षं हे पोटात ठेवून ते तुझ्यावर रुसले होते आणि तुझी लाजही राखत होते. असा माणूस आहे आपला बाप, काय करायचं त्याचं?

मग ते म्हणाले, मला वर घे. चारुता नको म्हणत होती. फकिरा मागून चढला, मी पुढून हात दिला. वर जाऊन बसले आणि त्यांनी स्वतःच माती सरकवली. खालचं कापड ओल्या भाकरीसारखं हातात आलं. माती थोडी होती, घरावर असते तशी हातभर जाड नव्हती. ती पाणी प्यायली आणि तिनं ते धरून ठेवलं. फळी तिथंच कुजली होती. आबा गुडघ्यांवर सरकत कडेला गेले, जिथं माती पोचली नव्हती तिथं. चारुताकडून पटाशी घेतली आणि कापडाच्या काठाखाली घातली. निघेना. दुसऱ्या बाजूनं घातली. तरी निघेना. शेवटी कापड फाटलं, पण लेपावरून सुटलं नाही. खालचं सागवान कोरडं, पिवळं, कालच रंधा मारल्यासारखं.

आबांनी त्यावरून तळहात फिरवला. फिरवतच राहिले. मला वाटलं, यांना घेरी आली. वाकून बघितलं तर सर्जा, ते हसत होते. डोळ्यांतून पाणी गळतंय आणि हसतायत. म्हणाले, "पोराचा हात चांगला हाय गं तनू. लई चांगला हाय. मलाच वाटत व्हतं, शिकवण्यात कमी पडलो."

चूक स्वतःची निघाल्यावर एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. घरी येऊन मायला सांगितलं, शेजारी सांगितलं, औषधाच्या दुकानात जाऊन सांगितलं. रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

अध्यक्षांनीही येऊन बघितलं. मधल्या फळ्या बदलायच्या, बाकी डबा ठणठणीत. भंगारवाला गेला.

हे सगळं तुला लिहू का, असं मी आबांना विचारलं. म्हणाले, लिही, पण मी म्हणलो म्हणून लिहू नको. म्हणून त्यांनी म्हटलं तसंच्या तसं लिहिलंय.

मला काय वाटलं तेही ऐक. मला हलकं वाटलं. सहा वर्षं कुणी खांद्याचं विचारलं की मी "आता बरा आहे" म्हणायचे, आणि ते आज खरं झालं.

तुझी आक्का


८ मे २०२५

सर्जा,

पार्सल पोचलं. आत चिठ्ठी शोधली, तेलकट फडक्याच्या घड्या उलगडून बघितल्या, काही नाही. नुसती पक्कड. रुंद तोंडाची, कापड ताणायची.

आबांनी ती बघितली आणि ओळखली. डेपोतून रिटायर होताना त्यांनी तुला दिली होती तीच. मुठीवर त्यांच्या अंगठ्याचा खळगा आहे, त्याशेजारी आता तुझ्याही अंगठ्याचा पडायला लागलाय. ते सारखी उघडझाप करून बघत होते. तू तिला एवढं तेल देऊन ठेवलंस याचं त्यांना फार कौतुक वाटलं. माझं म्हणणं असं की तू पक्कड पाठवलीस ती आपल्याऐवजी पाठवलीस, आणि हे आम्हाला चालणार नाही.

फळ्या बदलून झाल्यात. चारुतानं लांबरुंद जाड सुती कापड मिळवलंय, जोड मजबूत शिवून घेतलेत. जवसाचं तेल कॅननं आलं तेव्हा माय म्हणाली, एवढ्या जवसाची चटणी केली असती तर गल्ली जेवली असती. आता ताणायचं बाकी. एका बाजूनं आबा ओढतील म्हणतात. फकिरा आणि त्याची माणसं आहेत, पण त्यांनी हे काम कधी केलेलं नाही. कापड एकदा लेपावर पडलं की पुन्हा उचलता येत नाही, हे तुझंच वाक्य. दोन्ही बाजूंनी सारखा ओढा बसला नाही तर सुरकुती पडते आणि सुरकुतीत पाणी थांबतं. हेही तुझंच.

आबांच्या समोरच्या बाजूला कोण उभं राहणार, हे त्यांनी मला विचारलं नाही. चारुतानं विचारलं तेव्हा म्हणाले, बघू, येईल कुणीतरी.

पुढच्या रविवारी, म्हणजे १८ तारखेला, सकाळी ऊन चढायच्या आत. मी तुला ये म्हणत नाही. तारीख तेवढी कळवली.

आक्का


३१ मे २०२५

सर्जा,

तू पोचलास, राजनंदिनीनं कळवलं. होड्या वर ओढायचे दिवस आहेत, तुला राहता येणार नव्हतं हे समजतं. तरी दोन दिवसांत घर गजबजवून गेलास आणि आता आम्हाला करमत नाही. माय तुझं ताट चुकून वाढते आणि मग मलाच दोन ताटांचं खायला लावते.

त्या रविवारचं तुला काय सांगायचं, तू तर होतासच. पण तू वर होतास, खालून काय दिसत होतं ते तुला माहीत नाही. पहाटेच्या बसनं उतरून तू थेट मैदानात आलास, पिशवी बाकावर टाकलीस आणि आबांना फक्त "पक्कड?" एवढंच विचारलंस. त्यांनी ती सदऱ्याच्या खिशातून काढून दिली. मला तेवढ्यानं भडभडून आलं आणि मी पाण्याचा माठ बघायला गेले.

मग तुम्ही दोघं छताच्या दोन कडांना. मध्ये एवढं मोठं पांढरं कापड, तुम्हाला एकमेकांची तोंडंही दिसत नसतील. आबा म्हणाले, "घे." तू म्हणालास, "घेतो." मग, "सोड जरा." "सोडलं." सबंध डबाभर तेवढंच बोलणं. तुला वाटलं असेल, बाप सहा वर्षांनी भेटला आणि कामापलीकडं काही बोलला नाही. मी खालून ऐकत होते. अर्ध्या डब्यापर्यंत "घे" आबा म्हणत होते. पुढं कधी ते तू म्हणायला लागलास आणि आबा "घेतो" म्हणायला लागले. चारुतानं माझ्याकडं बघितलं. तिच्याही लक्षात आलं होतं. कापडावर एक सुरकुती नव्हती.

तू निघताना त्यांनी काही म्हणावं म्हणून माय डोळ्यांनी खुणा करत होती, तेही मी पाहिलं. ते म्हणाले, बसमध्ये खिडकीशी बस. तू हो म्हणालास. बरं, असू दे.

आता काल काय झालं ते सांगते. रंगाचे चारही हात सुकले. चारुता म्हणाली, पाणी मारून बघायला हवं. आपल्या शहरात मे महिन्यात छतावर पाणी ओतायचं म्हटल्यावर काय झालं असेल ते तूच ओळख. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, आणि या बाईसाहेब टँकर मागवणार. पण मायनं तोड काढली. डब्याच्या दोन्ही बाजूंना शाळेतल्या आणि गल्लीतल्या सगळ्या बादल्या, टपं, पातेली मांडायची. वरून पडेल ते पाणी घरी न्यायचं. मग अर्धं पुंडलिकनगर टब घेऊन मैदानात हजर. एवढी गर्दी वाचनालयाच्या उद्घाटनाला नव्हती.

टँकरवाल्यानं पाइप लावायच्या आधी आबा डब्यात शिरले. दार लावून घेतलं. खिडकीतून बघितलं तर ते नेमके त्या बाकावर बसले होते जिथं मी त्या दिवशी बसले होते. टोपी काढून मांडीवर ठेवलेली. मी म्हटलं, बाहेर या, आम्ही बघतो. म्हणाले, "न्हाय, मी खालून बघतो. पडलं तर माझ्यावर पडू दे."

पाणी सुरू झालं. छतावर असा आवाज की आतलं काही ऐकू येईना. बाया टबं सरकवत होत्या, पोरं भिजत होती, चारुता नखं खात होती. टँकर रिकामा झाला. कुणीच दार उघडायला पुढं होईना. मग दार आतूनच उघडलं.

आबा पायरीवर उभे राहिले आणि माझ्यासमोर डोकं वाकवलं. मला आधी कळेना. म्हणाले, हात लाव. मी त्यांच्या टकलावरून हात फिरवला. कोरडं होतं, सर्जा. नुसता घाम. माझ्यानंतर मायनं हात लावला, मग चारुतानं, मग फकिरानं. शेवटी ते रांगेतल्या बायांपुढंही वाकायला लागले, तेव्हा मी टोपी घातली त्यांना.

सोमवारपासून पुस्तकं परत डब्यात. बेडकांचा निरोप घेतला.

अजून एक गोष्ट आहे, तिच्यासाठीच खरं हे पत्र. डेपोतून डबा दुरुस्त होऊन निघाला की त्याच्या टोकाच्या भिंतीवर रंगवायचे, काम कधी झालं आणि डब्यानं पुन्हा कारखान्यात कधी यायचं. आबांनी आयुष्यभर ते रंगवलं. आज सकाळी ते पांढरा रंग आणि बारीक ब्रश घेऊन गेले, मला शिडी धरायला लावली. तिथं त्यांच्या हातची जुनी अक्षरं होती, त्यांच्याखाली लिहिलं:

छत – सर्जेराव साहेबराव. मे २०२५.

मी म्हटलं, तुमचंही नाव घाला, एका बाजूनं तुम्हीच ओढलंत. म्हणाले, मी मदतीला व्हतो.

त्याखाली त्यांनी "परत" लिहिलं आणि थांबले. कापडाला दर उन्हाळ्यात एक हात द्यावा लागतो, नाहीतर भेगा पडतात, हे तुला ठाऊक आहे. दुसऱ्या कुणी दिलेला हात त्यांना चालणार नाही, हेही तुला ठाऊक आहे. मी म्हटलं, लिहा की पुढचा मे. तर नाही म्हणाले. तारीख त्यानं सांगायची. त्याची कामं असतेत, होड्या असतेत. त्याला विचार.

म्हणून विचारते. मे नको असेल तर दिवाळी सांग, राजनंदिनीला घेऊन येणार असशील तर तसं सांग. पण लवकर कळव. मी पोस्टात निघालेय आणि आबा अजून डब्याजवळ खुर्ची टाकून बसलेत, ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवलाय, वाळू नये म्हणून.

तुझी आक्का